शिट्टीची जागा

बारकीला बारकी म्हणत ते अंगाने बारीक म्हणून नव्हे, आवाजाने बारीक म्हणून. जुन्या शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणायची, पण ते शेजारच्या मुलीच्याही कानावर जायचं नाही. एका वर्षी तर ती चाळीस दिवस गैरहजर असल्याची चिठ्ठी घरी आली. आई चिठ्ठी घेऊन तरातरा शाळेत गेली आणि "माझी पोर रोज इथे येऊन बसते, डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?" असं विचारून, भांडून परत आली. बाबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाले, "बारके, चाळीस दिवस कुठे होतीस गं?" त्यांनी गंमत केली होती. बारकी मात्र हसली नाही. तिला खरंच वाटून गेलं की आपण कुठेतरी दुसरीकडेच होतो.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. हातांना कायम वंगणाचा वास, कान कायम कुठल्यातरी दोरखंडाच्या कुरकुरीकडे. आई रफू करायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. एक खुर्ची, एक स्टूल, खिडकीतला उजेड आणि लाकडी रिंगवर ताणलेलं कापड. कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती त्याच कापडाचा धागा उसवून काढायची आणि भोक असं भरायची, की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "होतं कुठे हो ते?" आईला याहून मोठी पावती नको असे.

गावाबाहेरच्या चढावर आंतरराष्ट्रीय शाळा होती. तिथली लिफ्ट बाबांकडे होती. बड्या कंपन्यांच्या आणि वकिलातींच्या लोकांची मुलं तिथे शिकत. आईबाप दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, आणि मुलं त्यांच्यामागे. प्रत्येक वर्गात दोन जागा गावातल्या मुलांसाठी राखलेल्या असत. बारकीने बाबांच्या आग्रहाखातर परीक्षा दिली. पेपर उत्तम गेला, पण जागा भरलेल्या होत्या. वर्ष अर्धं सरल्यावर एके दिवशी शाळेतून फोन आला. "बाहेरच्या मुलांच्या जागांपैकी एक अचानक रिकामी झाली आहे, ती तुमच्या मुलीला देतोय. सोमवारपासून पाठवा."

बारकी तेव्हा बारा वर्षांची होती.

सोमवारी वर्गशिक्षिका बाई तिला हाताला धरून वर्गात घेऊन गेल्या. तिसरी रांग, खिडकीशेजारचं बाक. बाकावर पेन्सिलीला टोक केल्याचा भुसा तसाच पडलेला होता. बारकी बसते न बसते तोच पुढच्या बाकावरची, जाड वेणीची एक मुलगी वळली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"आलीस शिट्टी! बरं झालं. गणितात आमचा गट अपुरा पडत होता."

ही मुलगी चुकली असेल, तोंड बघून ओशाळेल, असं बारकीला वाटलं. वेणीवालीने तिचं तोंड नीट न्याहाळलं आणि अजिबात न ओशाळता वही पुढे सरकवली. "हे तिसरं गणित तुझं."

त्या वर्गात बावीस मुलं होती, सतरा देशांची. एकाचं नाव दुसऱ्याच्या जिभेवर वळत नसे, म्हणून सगळ्यांना टोपणनावं. वेणी, लांब्या, ढग, दाणा. आणि या बाकावर बसायची ती शिट्टी. येताजाता शीळ घालायची म्हणून. ती गेल्या बुधवारपर्यंत इथे होती. गुरुवारी नव्हती. वडिलांची बदली झाली होती. कुणी निरोप घेतला नाही, कुणी दिला नाही. त्या शाळेत तसं करायची पद्धतच नव्हती. दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी जायचंच. प्रत्येकासाठी रडायचं ठरवलं असतं तर वर्गात दुसरं काही झालंच नसतं.

हे सगळं बारकीला पुढे कळलं. त्या सकाळी तिला कळलं ते इतकंच, की बाईंनी हजेरीत एक परकं नाव उच्चारलं आणि थांबल्या. वर्ग थांबला. एकवीस माना तिच्याकडे वळल्या. कुणी हसत नव्हतं, कुणी खूण करत नव्हतं. सगळे नुसते वाट बघत होते, एखादं दार आपोआप बंद होण्याची बघावी तशी.

"हजर," बारकी म्हणाली.

आणि ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. बाईंनी खूण केली आणि त्या पुढच्या नावाकडे वळल्या.

एक्केचाळीस नंबरचा लॉकर तिला मिळाला. आत खेळाचे बूट होते, एक निळा स्कर्ट होता आणि एक कच्ची वही. बूट तिला अगदी मापात बसले. चित्रकलेच्या तासाला सरांनी जिन्याचं अर्धवट चित्र तिच्यापुढे ठेवलं. "तुझं हे राहिलंय बघ. वरचा मजला अजून रंगवायचाय." "सर, हे माझं नाही," असं ती म्हणणार होती. पण जिना इतका नेमका काढलेला होता, की वर काय असेल ते बघावंसं वाटलं. तिने ब्रश उचलला.

सुरुवातीला घाबरत होती खरी, पण महिनाभरातच या प्रकाराची तिला चटक लागली. बारकीला जे जमत नव्हतं ते शिट्टीला जमायचं. बारकीचा हात कधी वर गेला नव्हता; शिट्टीचा जायचा. बारकी मैदानाच्या कडेला उभी राहायची. शिट्टी पोरांना ढकलून चेंडू घ्यायची. वादविवादात लांब्यासारख्या बोलभांड पोराला तिने असं कोंडीत पकडलं, की बाईंनीही टाळ्या वाजवल्या. उत्तर चुकलं तरी लाज वाटत नसे. चुकली ती शिट्टी, आपलं काय जातंय? कच्ची वही तिने इतक्यांदा वाचली की तिला ती पाठ झाली. शिट्टी कशी लिहायची, कुठे थांबायची, कुणाची टर कशी उडवायची, सगळं तिच्या पेनात उतरलं. प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलं, "आत्मविश्वासात विलक्षण वाढ." बाबांनी ते चार घरी वाचून दाखवलं.

आईच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

"हसताना तोंडावर हात कधीपासून घ्यायला लागलीस तू?" आईने एकदा जेवताना विचारलं.

"मी? कुठे?"

"आत्ता. आणि उठताना खुर्ची पायाने ढकललीस. आपल्या घरात कुणी ढकलतं का?"

"अगं, शाळेत राहून पोरं शिकतातच काहीबाही," बाबा म्हणाले. "चांगली बोलतेय-चालतेय, ते बघ की."

"बोलतेय हो," आई म्हणाली. "पण कोण बोलतंय?"

बाबा मोठ्याने हसले. आई हसली नाही.

मग एका दुपारी तो निळा स्कर्ट घरी आला. खेळताना मागून फाटला होता. आईने तो खिडकीशी नेऊन उलटा केला आणि तिचा हात जागीच थांबला.

"हे रफू माझं आहे."

"कुठलं?" बारकीला काही दिसेना.

"दिसणार नाहीच. पण माझ्या बोटाला कळतं." आईने कापडावरून अंगठा फिरवला. "गेल्या वर्षी एक मुलगी आली होती हा घेऊन. होईपर्यंत इथे स्टुलावर बसून राहिली. सारखी शीळ घालत होती. मी म्हटलं, 'बाई गं, माझा टाका चुकेल.' तर म्हणाली, 'मला कळतच नाही मी घालतेय ते.'"

बारकी पुढे सरकली. "आई, कशी होती गं ती दिसायला?"

आईने सुई खाली ठेवली. गिऱ्हाइकाचा चेहरा ती कधी विसरत नसे. दहा वर्षांपूर्वीच्या कोटाचा मालकही तिला आठवायचा. तिने आठवायला डोळे मिटले, उघडले, बारकीकडे बघितलं, पुन्हा मिटले.

"उंची तुझ्याएवढी. केस..." ती अडखळली. "जाऊ दे. आठवायला गेले की तुझंच तोंड पुढे येतंय."

आई पुन्हा टाके घालू लागली. बारकी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. थोड्या वेळाने आई दारात येऊन उभी राहिली, हातात स्कर्ट तसाच, चेहरा पांढराफटक.

"थांबव ते."

"काय?"

"तीच शीळ. तीच आहे ती, खालून वर जाते आणि मध्येच तुटते."

बारकीला शीळ घालता येत नव्हती. लहानपणी बाबांनी शिकवून शिकवून हात टेकले होते. तिने ओठांना हात लावला. ओठ गोल होते.

"तू तेव्हा याच खोलीत होतीस," आई स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणाली. "ती आली तेव्हा. ऐकलं असशील भिंतीआडून. राहिलं असेल डोक्यात." पण त्या दिवसापासून आईने आतल्या दाराकडे पाठ करून बसणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी बारकीने शाळेच्या व्हरांड्यातला मागच्या वर्षीचा वर्गाचा फोटो शोधून काढला. वेणी होती, लांब्या होता, दाणा डोळे मिटून उभा होता. तिसऱ्या रांगेत खिडकीच्या बाजूला एक मुलगी होती, पण नेमकी त्या क्षणी तिने मान वळवली असावी. चेहऱ्याच्या जागी नुसती फिकट रेघ. फोटोच्या काचेत बारकीचं तोंड बरोबर त्या रेघेवर येत होतं. ती बाजूला सरकली.

आणि मग पत्र आलं.

शिपाईकाकांनी ते सरळ तिच्या बाकावर आणून ठेवलं. "शिट्टी, तुझ्या आजीचं." वर पत्ता शाळेचा. बारकीने ते फोडलं, हीच तिची पहिली चूक. आजी म्हणजे शिट्टीच्या आईची आई. ती दूर कुठेतरी एकटी राहत होती, डोळ्यांनी अधू झाली होती. पत्र शेजारणीने लिहून दिलेलं होतं. "तुझी घरं बदलतात, मला पत्ते आठवत नाहीत. म्हणून शाळेच्या पत्त्याची पाकिटं तू जाताना लिहून ठेवलीस तीच वापरते. गुडघा बरा आहे. तू खाल्लंस का नीट? लिही."

 म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं की काय? उत्तर नाही गेलं तर ती वाट बघत बसेल. तिने उत्तर लिहिलं, शिट्टीसारखंच. गणिताच्या सरांची नक्कल केली, दाण्याची टर उडवली, खाली सही केली. मग दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. दर आठवड्याला तिची उत्तरं जात राहिली. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटतच नव्हतं. आजीची आठवण यायची, तीही खरी आठवण. आजीच्या हाताच्या सुरकुत्या तिला माहीत होत्या, ज्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

वसंतातल्या एका दुपारी, मधली सुट्टी संपताना, कार्यालयातून तिला बोलावणं आलं. फोन होता. तिने रिसीव्हर कानाला लावला. दोन्हीकडे श्वास ऐकू येत होता.

"बोल," म्हातारा आवाज म्हणाला.

"आजी," ती म्हणाली.

"हं."  मग आजी हळू आवाजात म्हणाली, "शेजारीण घरी नाही, म्हणून आत्ता लावला. तिच्यासमोर विचारता येत नव्हतं. बाळ, मला दोन पत्रं येतात."

बारकीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दर आठवड्याला दोन. एक तू या शाळेतून लिहितेस, एक तिकडच्या नव्या शाळेतून लिहितेस. शेजारीण दोन्ही वाचून दाखवते. या शाळेतलं ऐकलं की तू समोर बसून बोलतेयस असं वाटतं. तिकडचं ऐकते तर कुणी परकी मुलगी बोलते. शहाणी, सरळ. हसत नाही, कुणाची टर उडवत नाही. परवा तर आपणहून लिहिलं, 'शीळ आता येत नाही.'" आजीचा आवाज बारीक झाला. "मला सांग, ती कोण आहे? माझ्या नातीच्या नावाने मला पत्रं कोण लिहितंय?"

 कार्यालयातल्या बाई टंकलेखन करत होत्या, खिडकीबाहेर कुणी चेंडू आपटत होतं, आणि इतक्या उजेडात तिला दरदरून घाम फुटला. एक शब्द बोलायची खोटी होती. "मीच खरी," एवढं म्हटलं असतं तर आजीने मानलं असतं. आणि मग त्या दूरच्या मुलीला जगात कुणी ओळखणारंच उरलं नसतं. तो शब्द ओठांपर्यंत आला होता. किती सोपा होता, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"आजी, ती खरी आहे," ती म्हणाली. "मी नाही."

"मग तू कोण?"

बारकीने आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, बाबांचं, आडनावासकट. त्या शाळेत पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदाच. आवाज पुन्हा बारीक झाला होता, पूर्वीसारखाच. आजीला ऐकू गेलं नाही. "काय?" आजी म्हणाली. दुसऱ्यांदाही नाही गेलं. तिसऱ्यांदा बारकी ओरडलीच, इतकी की टंकलेखन थांबलं.

आजी रागावली नाही.  नातीचा नवा पत्ता तिकडच्या पाकिटावरून उतरवून घ्यायला शेजारणीला सांगते, तुलाही कळवते, म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी बारकीने आईबाबांना सगळं सांगितलं. बाबा सुन्न झाले. आईने फक्त विचारलं, "वर्गाला सांगितलंस?"

"नाही."

"मग उद्या सांग."

सकाळी हजेरीत ते परकं नाव आलं. शाळेत म्हणे बदलीचे कागद येईपर्यंत नाव पटावरून काढत नसत, आणि कागद कुठेतरी अडकले होते. इतकं साधं कारण. बारकीचं नाव पटाच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ते कुणी कधी वाचलंच नव्हतं. एकवीस माना वळल्या.

"ती इथे नाही," बारकी म्हणाली. "ती हिवाळ्यातच गेली. मी दुसरी आहे."

 बाईंचं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. मग पुढच्या बाकावर वेणीचे खांदे हलायला लागले. ती रडत होती, हमसून हमसून. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. पण तू तिथे बसलीस, आणि मग ती गेलीय असं म्हणावं लागलं नाही." लांब्या भिंतीकडे बघत पुटपुटला, की ढगाच्या जागीही आधी दुसरा ढग होता. दाण्याने सांगितलं, की तो स्वतः तिसरा दाणा. पहिले दोघे कसे होते ते त्याला माहीत नव्हतं, पण शेंगदाणे त्याला कधीच आवडले नव्हते.

बाईंनी त्या तासाला पुस्तक उघडलं नाही. मुलं एकेक करून स्वतःचं खरं नाव सांगत गेली आणि बाकीची ते उच्चारायचा प्रयत्न करत राहिली. जमत नव्हतं. बारकीच्या नावाची तर चिरफाड झाली. तिला ते फार आवडलं.

खऱ्या शिट्टीला तिने पत्र लिहिलं, सगळं कबूल करून. दीड महिन्याने उत्तर आलं. "इथे माझ्या जागेवर आधी कात्री नावाची मुलगी होती," तिने लिहिलं होतं. "तिचं सगळं टापटीप होतं म्हणे. मीही आता टापटीप आहे. तुझं पत्र वाचून शीळ घालून बघितली. नुसती हवा येते."

दोघींची भेट झाली ती पुढे पाच वर्षांनी, शाळा संपल्यावरच्या सुट्टीत, आजीच्या घरी. आजीनेच दोघींना बोलावलं होतं. बारकीला वाटलं होतं, आरशात बघितल्यासारखं होईल. दारात उभी होती ती एक उंच, सावळी, शांत मुलगी. दोघींत काडीचंही साम्य नव्हतं. आजीने दोघींच्या तोंडावरून हात फिरवले, आधी हिच्या, मग तिच्या, आणि समाधानाने मान हलवली. कोण कोणती, ते तिने विचारलं नाही. सांगितलं तेव्हा "हो, हो" म्हणाली. हाताच्या सुरकुत्या बारकीने पाहिल्या. माहीत होत्या तशाच होत्या.

आजी दुपारची पडली तेव्हा दोघी मागच्या पायरीवर बसल्या.

"माझं जे काही आहे ते परत दे," ती मुलगी म्हणाली. थट्टेच्याच सुरात, पण डोळे थट्टेचे नव्हते.

"दिलं असतं गं," बारकी म्हणाली. "पण आता कुठलं तुझं आणि कुठलं माझं, तेच मला सांगता येत नाही. वर्गात हात वर करते तो कुणाचा? मोठ्याने बोलते ती कोण?"

ती मुलगी विचारात पडली. "शीळ तेवढी शिकव," शेवटी म्हणाली.

बारकीने शिकवली. संध्याकाळपर्यंत बसून, ओठ कसे धरायचे, हवा कुठे अडवायची. जमली तिला. तेवढ्यात आजी आतून उठून आली आणि दाराशी थबकली. शीळ थांबल्यावर म्हणाली, "चांगली आहे. पण ही आमच्याकडची नव्हे. आमची मध्ये तुटत नसे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "त्या बाकावर माझ्याआधीही कुणी शिट्टी होती का, मी कधी विचारलंच नाही," ती मुलगी म्हणाली.

बारकी आता चाळिशीची आहे. लिफ्टची तपासनीस आहे. बाबा दुरुस्त करायचे, ही पास-नापास करते. वरून खाली हाक मारली की सात मजले दणाणतात, आणि मोठमोठे ठेकेदार तिच्यापुढे चळाचळा कापतात. तिच्याएवढी धीट बाई त्या धंद्यात दुसरी नाही, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. उंच सावळ्या मैत्रिणीची पत्रं अजून येतात. बाबा गेले. आई पुढच्या खोलीत अजून रफू करते, जाड भिंगाचा चष्मा लावून.

लेक घरात शिरली की आई मान वर करत नाही. पावलं ओळखीची असतात, किल्लीचा आवाज ओळखीचा असतो. तरी ती विचारते, "कोण?" आणि उत्तर येईपर्यंत सुई कापडात तशीच धरून ठेवते.

बारकी उत्तर देते. रोज देते. फक्त एखाद्या दिवशी, दमून आलेली असली की, द्यायला जरासा उशीर होतो.